फाइल भलत्याच प्रोग्रॅममध्ये उघडतेय? फॉरमॅट मारण्याआधी हे पर्याय तोलून बघा

गेल्या महिन्यात आत्याचा फोन आला. "अगं, शेताचा सातबारा उघडला तर नुसती वाकडीतिकडी चिन्हं दिसतायत. फाइल खराब झाली का गं?" मी तिला सगळ्यात वरची ओळ वाचायला सांगितली. "टक्क्याचं चिन्ह, मग पीडीएफ, मग वन पॉइंट फोर..." एवढं ऐकलं आणि माझा जीव भांड्यात पडला. पीडीएफ फाइलची सुरुवात अशीच होते, म्हणजे सातबारा शाबूत होता. नातवाने कधीतरी 'ओपन विथ'मध्ये नोटपॅड निवडून 'ऑलवेज' दाबलं होतं, एवढंच झालं होतं. पण तोवर कोपऱ्यावरच्या दुकानदाराने तिला सांगून टाकलं होतं की विंडोज नव्याने टाकावं लागेल. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!

उपाय निवडण्याआधी बिघाड कुठे आहे ते बघा. फाइल कशात उघडायची हे विंडोज नावाच्या शेपटावरून, म्हणजे (.pdf सारख्या) एक्स्टेन्शनवरून ठरवतं. त्याची नोंद दोन ठिकाणी असते: एक अख्ख्या मशीनसाठी, दुसरी तुमच्या विंडोजच्या खात्यापुरती (यूजर अकाउंट). दोन्हींत फरक असेल तर तुमच्या खात्याची नोंद वरचढ ठरते. म्हणून सगळ्यात कामाची चाचणी अशी: सेटिंग्जमधून एक तात्पुरतं नवीन खातं उघडा आणि तिथे त्याच प्रकारची फाइल उघडून बघा. नीट उघडली, तर मशीन ठणठणीत आहे आणि घोळ फक्त तुमच्या खात्यात आहे. तिथेही तेच झालं, तर एकतर प्रोग्रॅम मोडलाय किंवा मशीनची नोंद बिघडलीय.

पहिला पर्याय 'ओपन विथ'. फाइलवर राइट क्लिक, ओपन विथ, चूज अनदर अ‍ॅप, योग्य प्रोग्रॅम निवडून 'ऑलवेज'. एकाच प्रकारच्या फाइली बिघडल्या असतील तर याच्या पलीकडे जाऊच नका. धोका शून्य, वेळ दोन मिनिटं. यादीत हवा तो प्रोग्रॅमच नसेल, तर तो पुन्हा इन्स्टॉल करा. तसं केल्यावर तो आपली नोंद बहुधा स्वतःच नव्याने करतो. आत्याचं काम यावरच झालं. सातबाऱ्यावरची डिजिटल सही तपासायला तिला अ‍ॅक्रोबॅट रीडर लागतो, तोच निवडला.

सेटिंग्ज, अ‍ॅप्स, डीफॉल्ट अ‍ॅप्स इथे तळाशी सगळं एकदम पूर्ववत करणारं रीसेटचं बटण आहे. पाच-सहा प्रकारच्या फाइलींचा गोंधळ असेल तर ते सोयीचं, पण ते तुमच्या चांगल्या निवडीही पुसतं. पीडीएफ एज या विंडोजच्या ब्राउझरकडे जातात, फोटो विंडोजच्या स्वतःच्या अ‍ॅपकडे. आत्यासारख्या माणसाला हे बटण मी सुचवणार नाही. एक फाइल सुधारायला जाऊन चार नवे प्रश्न उभे राहतील.

आता इंटरनेटवर सर्रास सापडणारे दोन उपाय. एक म्हणजे कमांड प्रॉम्प्टमधले, म्हणजे हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडकीतले, 'असॉक' (assoc) आणि 'एफटाइप' (ftype) हे हुकूम. ते मशीनची नोंद दाखवतात आणि बदलतात, पण तुमच्या खात्याच्या निवडीला हात लावत नाहीत. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ही निवड एका पडताळणी-संकेतासह साठवली जाते, म्हणजे कुठल्याही प्रोग्रॅमने गुपचूप ती बदलू नये. त्यामुळे एक्सपी आणि विंडोज ७ च्या काळातले सल्ले आज पाळले की हुकूम बिनबोभाट चालतो आणि फाइल मात्र जुन्याच ठिकाणी उघडते. माणूस वैतागून शेवटी फॉरमॅटवर येतो. मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं.

दुसरा उपाय रजिस्ट्रीचा, म्हणजे विंडोज आपल्या सगळ्या नोंदी जिथे ठेवतं त्या जागेचा. करंट यूजरखाली एक्सप्लोररच्या 'फाइलएक्स्ट्स' फोल्डरमध्ये त्या एक्स्टेन्शनखालची 'यूजरचॉइस' ही नोंद काढली, की विंडोज पुन्हा मशीनच्या नोंदीकडे वळतं. इलाज खरा आहे, पण आधी तो फोल्डर एक्सपोर्ट करून, म्हणजे त्याची प्रत काढून ठेवा. पीडीएफ आणि वेब लिंकच्या नोंदींना २०२४ पासून जादा संरक्षण आलंय, तिथे हा मार्ग अडू शकतो. कुणीतरी तयार करून ठेवलेली रेग फाइल, म्हणजे रजिस्ट्रीत बदल करणारी फाइल, डाउनलोड करणार असाल, तर डबल क्लिक करण्याआधी ती नोटपॅडमध्ये उघडून वाचा. काय बदलतंय ते कळत नसेल तर चालवू नका.

खरी पंचाईत होते ती ईएक्सई (.exe, म्हणजे खुद्द प्रोग्रॅमच्या फाइली) किंवा शॉर्टकटची नोंद मोडली तर. मग डेस्कटॉपवरचं काहीच उघडत नाही, आणि दुरुस्तीची साधनंही त्यातच अडकतात. अशा वेळी शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा. ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स इथे विंडोजला आधीच्या स्थितीत नेणारं सिस्टिम रीस्टोर मिळतं, आणि ते चालायला मोडलेली नोंद लागत नाही. बिघाडाच्या आधीचा रीस्टोर पॉइंट (जतन केलेली जुनी स्थिती) असेल तर माझी पहिली पसंती यालाच. तुमची कागदपत्रं आणि फोटो जागच्या जागी राहतात, मधल्या काळात टाकलेले प्रोग्रॅम मात्र जातात. पण ही सोय अनेक मशीनवर बंदच असते. तसं असेल तर तिथल्याच स्टार्टअप सेटिंग्जमधून सहा आकडा दाबून कमांड प्रॉम्प्टसह सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त गरजेपुरत्या विंडोजमध्ये जा. तिथे 'assoc .exe' असं टाइप केलं की 'ईएक्सईफाइल' (.exe=exefile) हे उत्तर यायला हवं. वेगळं आलं तर ते बदलायला हा हुकूम उपयोगाचा आहे. डिस्कला बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) असेल तर रिकव्हरी की आधीच हाताशी ठेवा. ईएक्सईची नोंद आपोआप बिघडली असेल तर मागे व्हायरस असू शकतो, म्हणून दुरुस्तीनंतर डिफेंडर या विंडोजच्याच अँटिव्हायरसचा ऑफलाइन स्कॅन करा.

नव्या खात्यात सगळं नीट चालत असेल तर तिथेच कायमचं राहायला जाणं हाही मार्ग आहे. यात एक संध्याकाळ जाते. फाइली हलवायच्या, ब्राउझरचे पासवर्ड, ईमेल, प्रिंटर पुन्हा लावायचे. तरी फॉरमॅटपेक्षा हे कितीतरी बरं, कारण जुनं खातं शेजारी शाबूत असतं.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून नवं विंडोज टाकायचं असेल तर ते जरूर टाका. पण तो निर्णय वेगळा आहे, फाइल नोटपॅडमध्ये उघडते म्हणून घेण्याचा नाही. मशीन दुकानात न्यायचंच झालं, तर डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि टॅलीचा डेटा बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या, आणि "नवीन खात्यात तपासून बघितलंत का?" हे विचारल्याशिवाय फॉरमॅटला होकार देऊ नका.