लॅबचं पिल्लू: उद्याच्या उद्या की चार महिने थांबून?

लॅब, म्हणजे लॅब्राडोर कुत्राच, आणायचा हे ठरलंय, सोसायटीशी भांडून झालंय, घरच्यांना पटवून झालंय, असं धरून चालतो. प्रश्न उरतो कुणाकडून आणायचा हा. माझ्यापुढे दोन वाटा होत्या. एक विक्रेता, फोनवरच ‘उद्या घेऊन जा’ म्हणणारा. दुसऱ्या मुळशीकडच्या एक काकू, घरीच दोन माद्या सांभाळणाऱ्या. त्यांच्याकडे चार महिने थांबायचं होतं.

पैशात विक्रेता बराच स्वस्त, ‘विदाउट पेपर’ घेतलं तर आणखी कमी. केसीआयचा, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचा, कागद म्हणजे वंशावळीचा दाखला, तब्येतीची हमी नव्हे. त्यामुळे कागदावर माझं अडलं नाही.

अडलं ते आईवर. म्हटलं, पिल्लाची आई बघायचीय. ‘ती गावाला आहे.’ कुत्री गावाला जाते हे मला नवीन होतं. आठवड्यानं विचारलं, तर तिची तब्येत बरी नाही. तिसऱ्यांदा वैतागून म्हणाला, ‘साहेब, तुम्हाला पिल्लू पाहिजे का आई?’ घरचा पत्ता काही देईना. कात्रज बायपासला पेट्रोल पंपावर या, गाडीतून आणून देतो म्हणे. पिल्लू चाळीस दिवसांचं. 2017 च्या केंद्राच्या नियमांत आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे असं म्हटलं, तर ‘लहान नेलं की लळा लागतो.’ माणूस कदाचित वाईट नसेलही, दुसऱ्याची पिल्लं विकत असेल एवढंच. पण ती गावाला गेलेली आई काही माझ्या डोक्यातून जाईना.

काकूंकडे उलटा ताप. स्थळ बघायला आल्यासारखी त्यांनी माझीच चौकशी केली: दिवसभर घरी कोण, मजला कितवा, लिफ्ट बंद पडली तर? चार महिन्यांचा हिशेबही ऐकवला: जोड लागल्यापासून साधारण 63 दिवस, मग आठ आठवडे पिल्लं आईजवळ. दुसरी मादी माजावर होती, पण तिचं वेत त्याच वर्षी झालेलं, आणि नियमानं वर्षातून एकच.

पिल्लं बघायला गेलो तेव्हा आई समोरच पसरलेली, आचळं लोंबलेली, दमलेली, पण खुशाल अंगाला हात लावू देणारी. कमरेच्या सांध्याचे एक्स-रे, तिचे आणि बापाचेही, काकूंनी न मागता दाखवले. लॅब्राडोरमध्ये या सांध्याचं दुखणं आनुवंशिक. आई-बाप तपासलेले असले तरी धोका पुरता टळत नाही, कमी मात्र होतो.

एक गोष्ट खटकलीच. मला काळं हवं होतं, काकूंनी फिकट दिलं. ‘तुमच्या फ्लॅटला हा शांत बरा.’ तेव्हा रागच आला होता.

घाई असेल तर विक्रेत्याकडेही चांगलं पिल्लू मिळू शकतं. आमच्या शेजाऱ्यांना मिळालंय; त्यांच्या समोरच्यांचं मात्र आठवड्यात पार्वो या विषाणूच्या आजारानं आजारी पडलं. निदान लशीच्या कार्डावर बाटलीचं स्टिकर आहे का आणि त्या तारखेला पिल्लू किती दिवसांचं होतं, एवढं तरी बघा.

आमचा आता तीन वर्षांचा आहे. काकू वर्षातून एकदा कोथरूडला चक्कर मारतात, त्याचे कान तपासतात आणि वजनावरून मला झापून जातात.