तिरफळाचं त्रिफळा झालं आणि ३८ हजार गेले

ज्यांचं छोटं हॉटेल आहे किंवा काढायचा विचार आहे, त्यांच्यासाठी लिहितोय. यात माझा मूर्खपणाही भरपूर आहे, तो लपवत नाही.

ठाण्यात आमचं ११ टेबलांचं मालवणी हॉटेल. नऊ वर्षं मेन्यूकार्ड म्हणजे लॅमिनेट केलेला एक कागद: सुरमई थाळी, बांगडा तिरफळ, कोंबडी-वडे, पुढे किंमत, संपलं. मग शेजारी एक कॅफे आला. त्यांच्या कार्डावर साध्या सँडविचखालीसुद्धा तीन ओळी. मेव्हणा म्हणाला, "भावोजी, लोकांना तिरफळ म्हणजे काय तेच माहीत नाही, मग मागवणार कसे?" (तिरफळ म्हणजे आमच्याकडे माशाच्या कालवणात घालतात तो मसाला.) त्याचं म्हणणं बरोबर होतं, आजही बरोबरच आहे. आता येणारी निम्मी माणसं कोकणातली नसतात.

इन्स्टाग्रामवर एक जण सापडला. 'तुमच्या ब्रँडचा आवाज मेन्यूत उतरवतो' म्हणे. ४२ पदार्थांची मराठी-इंग्रजी वर्णनं, डिझाइन, छपाई, टेबलावरचे क्यूआरचे स्टँड, सगळं मिळून ३८,००० रुपये. नमुने म्हणून तीन हॉटेलांची मेन्यूकार्डं पाठवली. देखणी होती. त्या हॉटेलांना एक फोन करायला मला पाच मिनिटं लागली असती. तो मी सगळं आटोपल्यावर केला. तिघांपैकी दोघांनी त्याचं नावही ऐकलं नव्हतं.

बायको म्हणाली, आधी जेवायला बोलवा त्याला. तो म्हणाला, "गरज नाही सर, व्हिडिओ कॉलवर होऊन जाईल." आमच्या धंद्यात जेवायला नको म्हणणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायचा नसतो, हे मला कळायला हवं होतं. त्याने एक फॉर्म भरायला दिला. त्यात प्रश्न होता, 'तुमचा ब्रँड माणूस असता तर कसा असता?' मी लिहिलं, माझ्या आजीसारखा. झालं! ४२ पैकी १९ पदार्थांत आजी आली. लिंबू सोड्यातसुद्धा.

३०,००० आगाऊ घेतले, छापखान्याची तारीख हुकेल म्हणून. मजकूर आला रात्री ११ वाजता, आणि सकाळी आठला छपाईला द्यायचा होता. मी हिशेब लावता लावता मोबाइलवरच पाहिलं, फक्त किमती तपासल्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा टाकला. तो अंगठा मला फार महागात पडला.

कार्डं आली. बांगडा तिरफळाखाली छापलं होतं, 'त्रिफळा चूर्णाच्या औषधी गुणांनी समृद्ध, पचनास हलका'. अहो, तिरफळ वेगळं! त्याचं बी काढून टाकतात, टरफल वापरतात, आणि त्याने जीभ किंचित बधिर होते. त्रिफळा म्हणजे हिरडा, बेहडा आणि आवळा. आमचं एक नेहमीचं गिऱ्हाईक भरल्या हॉटेलात मोठ्याने म्हणालं, "शेठ, हा खाल्ला तर उद्या ऑफिसला उशीर होईल का?" कोंबडी-वड्यांना 'कुरकुरीत बटाटेवड्यांची साथ' होती. सोलकढी 'घट्ट दह्यातली' होती.

इथपर्यंत हसण्यावारी नेता आलं असतं. पण जुलै होता आणि सुरमईखाली लिहिलं होतं, 'आज पहाटे आमच्या बोटीने आणलेली'. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. त्या दोन महिन्यांत आम्ही बर्फातला मासा देतो आणि विचारलं की तसं सांगतोही. अलिबागकडचे एक गृहस्थ कार्डावर बोट ठेवून म्हणाले, "कुठली बोट हो तुमची?" मला तोंड वर करता येईना.

खरा घाम फुटला तो वड्यांमुळे. त्यांच्या नावापुढे 'ग्लूटेन-फ्री' असा हिरवा ठसा होता. एक बाई लहान मुलाला घेऊन आल्या होत्या, त्याला गहू अजिबात चालत नाही. ठसा पाहूनच त्यांनी वडे मागवले, आणि तरी खात्री करायला काउंटरवर आल्या. बायको तिथे होती म्हणून बरं. आमच्या वड्यांच्या पिठात तांदूळ, उडीद, ज्वारीबरोबर गहूही असतो. ताट परत आत गेलं. त्या रात्री मी नियम वाचत बसलो. ग्लूटेन-फ्री म्हणायचं तर एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. आणि खाद्यपदार्थाचं खोटं वर्णन प्रसिद्ध केलं तर २००६च्या अन्नसुरक्षा कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे. परवाना माझ्या नावावर, त्यामुळे नोटीसही मलाच आली असती.

मेव्हण्याने इंग्रजी वर्णनातलं एक वाक्य गूगलवर टाकलं. बाहेरगावच्या एका कारवारी हॉटेलचा मजकूर जसाच्या तसा. 'कारवार'च्या जागी 'मालवण' केलं होतं, तेही चौथ्या पानावर एका ठिकाणी राहून गेलं होतं.

फोन केला तर शांतपणे म्हणाला, "सर, तुम्ही अप्रूव्ह केलंय, तुमचा अंगठा आहे. दुरुस्तीचे १२,००० वेगळे." मी उरलेले ८,००० अडवले. शनिवारी रात्री सगळी टेबलं भरलेली असताना एकेक जण सांगू लागला, क्यूआर चालत नाही. हे नीट समजून घ्या, कारण मलाही तेव्हाच समजलं. त्या क्यूआरमध्ये आमच्या पानाचा पत्ता नव्हताच. त्याच्या खात्यातली एक लिंक होती, आणि तिथून गिऱ्हाइकाला कुठे पाठवायचं ते तो ठरवत होता. स्टँड आमचे, टेबलं आमची, किल्ली त्याच्याकडे. मी ८,००० भरले. भरायला नको होते. नऊ दिवस मेन्यू दिसला, मग 'महिन्याचे १,४९९' असा मेसेज आला. मी नाही म्हटल्यावर पान बंद झालं आणि त्याचा फोनही. ११ अ‍ॅक्रिलिकचे स्टँड माळ्यावर पडलेत.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरवर तक्रार नोंदवली, पुढे काही झालेलं नाही. ओळखीच्या वकिलांनी आधी करार मागितला. माझ्याकडे होतं फक्त एक कोटेशन. ते म्हणाले, काम दिलंय, तुम्ही होकार दिलाय, तो याला फसवणूक नाही, व्यवहारातला वाद म्हणेल. वर हेही सांगितलं की लेखी हस्तांतर नसेल तर पैसे देऊन लिहून घेतलेल्या मजकुराचाही हक्क सहसा लिहिणाऱ्याकडेच राहतो. इथे तर तो लिहिणाराही नव्हता.

पुन्हा असं काम द्यायचं झालं, तर आधी त्या माणसाला ताटावर बसवीन, मग तासभर स्वयंपाकघरात उभा करीन. दोनच पदार्थांची वर्णनं पैसे देऊन लिहून घेईन आणि ती आचाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवीन. 'ताजं', 'सेंद्रिय', 'ग्लूटेन-फ्री' हे शब्द माझ्या सहीशिवाय छापायचे नाहीत, असं कागदावर घेईन. डिझाइनची मूळ फाइल हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही. आणि क्यूआर आपल्याच वेबसाइटवर जाणारा, आपणच बनवलेला.

सध्या मात्र कोणालाच बोलावलेलं नाही. आमच्याकडे कुडाळच्या एक मावशी रांधतात. बायको वही घेऊन त्यांच्याशेजारी बसली आणि प्रत्येक पदार्थाचं विचारत गेली. बांगड्याला मावशी म्हणाल्या, "तिरफळ चावूचा नाय हां, बाजूक काढूचा. जीभ जराशी झिणझिणतली, भियाचा नाय." तेच तसंच छापलंय, खाली साध्या मराठीत अर्थ. माशाखाली खडूने लिहायची छोटी पाटी लावलीय: आजचा, किंवा बर्फातला. ते नेहमीचं गिऱ्हाईक अजून येतं आणि दारातूनच ओरडतं, "एक चूर्णवाला बांगडा!"