टोपी, डॉलर आणि गुळाचा एक हंगाम

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या एका गूळ अडतीवर मी हिशेब बघतो. पाडव्याला सौदे निघाले तेव्हापासून उचलीची, म्हणजे शेतकऱ्यांना दिलेल्या आगाऊ पैशांची, यादी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवतोय. एका ओळीत तालुका, गाव, शेतकऱ्याचं नाव, रवे (गुळाच्या ढेपा) आणि शेवटी 'जमा' नाहीतर 'बाकी'. शोधायला ग्रेप, म्हणजे फाइलमधून जुळणाऱ्या ओळी काढून देणारी कमांड. त्यातल्या ^ (टोपी) आणि $ (डॉलर) या दोन चिन्हांनी हंगामभर माझे कष्ट वाचवले, आणि एकदा चांगलं तोंडघशीही पाडलं.

आपल्या जिल्ह्यातले १२ तालुके एकाखाली एक लिहा आणि नुसतं 'गड' शोधा. गडहिंग्लज, भुदरगड, चंदगड असे तीन येतात. '^गड' दिलं की एकटं गडहिंग्लज, 'गड$' दिलं की उरलेले दोन. टोपी म्हणजे ओळीची सुरुवात, डॉलर म्हणजे शेवट. ही चिन्हं स्वतः एकही अक्षर खात नाहीत, फक्त जागा धरून बसतात.

टोपीबद्दल तक्रार जवळपास नाही. ओळीच्या आधी चुकून स्पेस पडली तर '^शिरोळ' ती ओळ सोडून देतो, म्हणून मी '^ *शिरोळ' लिहितो; स्पेसनंतरचा तारा म्हणजे स्पेस कितीही असोत, नसली तरी चालेल. मिटलं.

डॉलरचं तसं नाही. जानेवारीत वजनकाट्याच्या नव्या सॉफ्टवेअरमधून यादी यायला लागली. 'बाकी$' चालवलं, एकही ओळ आली नाही. मी खुशीत मालकांना सांगितलं, "सगळी उचल वसूल झाली." त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि पाच नावं तोंडपाठ म्हणून दाखवली! झालं होतं असं, की विंडोजवाली फाइल ओळ मोडताना एक जादा अदृश्य चिन्ह ठेवते, कॅरेज रिटर्न. डोळ्यांना ओळ 'बाकी'वर संपते, ग्रेपला त्यापुढे अजून एक चिन्ह दिसतं. अदृश्य चिन्हंही दाखवणारं 'कॅट -ए' (कॅपिटल ए) लावलं तेव्हा कळलं. त्यात देवनागरीचा पार चुरा होतो, पण ओळीच्या टोकाला ते भूत दिसतं. आता प्रत्येक फाइल आधी डॉसटूयुनिक्समधून काढतो, ते हे जादा चिन्ह काढून टाकतं. 'जमा$' पण चालवून बघितलं असतं तर तेव्हाच संशय आला असता, कारण तेही रिकामंच आलं असतं.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक गंमत. टिंब म्हणजे कुठलंही एक चिन्ह. तीन अक्षरी नावं काढायला '^...$' दिलं, तर कागलही नाही, आजराही नाही. चार टिंबं दिली तेव्हा दोन्ही आले. काना, वेलांटी, अनुस्वार, सगळे ग्रेपच्या हिशेबात वेगळे मोजले जातात. त्यामुळेच 'र$' दिलं तर करवीर येतं, पण 'र$' देऊन आजरा शोधायला जाल तर मिळणार नाही, कारण ती ओळ कान्यावर संपते.

पूर्ण ओळच जुळवायची असेल तर दोन्ही चिन्हं लिहायचा कंटाळा करा आणि ग्रेपला '-एक्स' द्या, काम तेच. रिकाम्या ओळी मोजायला मात्र 'ग्रेप -सी' पुढे '^$' हे मला अजून आवडतं. नुसत्या स्पेसच्या ओळी त्यात धरल्या जात नाहीत, एवढं ध्यानात ठेवा.

पुढच्या पाडव्यालाही हेच वापरणार. मालक तोवर आपली वही काही बंद करत नाहीत.