सॉर्बिटॉल मॅकॉन्की अगार: उपयुक्त, पण मर्यादा ओळखून वापरावे

ई. कोलाय या आतड्यातील जिवाणूचा ओ१५७:एच७ हा घातक वाण शौचाच्या नमुन्यातून हुडकण्यासाठी आम्ही प्रयोगशाळेत सॉर्बिटॉल मॅकॉन्की अगार (सॉर्बिटॉल हा साखरेसारखा पदार्थ घातलेले, जिवाणू वाढवण्याचे माध्यम) नियमित वापरतो आणि पहिल्या चाळणीसाठी ते मला आजही भरवशाचे वाटते. आतड्यात निरुपद्रवीपणे राहणारे बहुतेक ई. कोलाय सॉर्बिटॉल आंबवून गुलाबी वसाहती तयार करतात. ओ१५७:एच७ ला मात्र ते २४ तासांत जमत नसल्याने त्याच्या फिकट, रंगहीन वसाहती त्या गुलाबी गर्दीत चटकन नजरेत भरतात. शक्यतो सेफिक्झिम (एक प्रतिजैविक) आणि टेल्युराइट (जिवाणूंची वाढ रोखणारा क्षार) घातलेला प्रकार घ्यावा, कारण त्यात इतर जिवाणूंची वाढ बरीच रोखली जाते.

खरी अडचण अशी, की या प्लेटवर वाणाची केवळ एक सवय दिसते, त्याचे आजार घडवणारे शिगा विष दिसत नाही. शिवाय एकाच जातीच्या वाणांतही जनुकांचा मोठा फरक असतो: के-१२ या प्रयोगशाळेतील वाणाचा जीनोम (संपूर्ण जनुकीय संच) सुमारे ४६ लाख बेसजोड्यांचा, तर ओ१५७:एच७ चा सुमारे ५५ लाखांचा आहे. शिगा विषाची जनुके तर जिवाणुभक्षी विषाणूंमार्फत आलेली असून ती दुसऱ्या वाणातही शिरू शकतात. २०११ मध्ये जर्मनीत मोठी साथ पसरवणारा ओ१०४:एच४ सॉर्बिटॉल आंबवतो, त्यामुळे या माध्यमावर तो सहज निसटतो. रक्ती जुलाबाच्या रुग्णाची प्लेट पूर्ण गुलाबी आली, तरी शिगा विषाची चाचणी किंवा पीसीआर (विषाची जनुके शोधणारी चाचणी) केल्याशिवाय नकारात्मक अहवाल देऊ नये.