आईला गावी ठेवायचं, जळगावला आणायचं की वृद्धाश्रमात?

सत्तरीतल्या आईचं खुब्याचं हाड मोडलं की घरात आधी ऑपरेशनच्या खर्चाची चर्चा होते. तो प्रश्न आता बराच सुटतो. २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर ७० वर्षांपुढच्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयात मिळतात. पण दवाखान्यातून सुट्टी झाल्यावरचा खर्च १५ दिवसांपुरताच. त्यानंतरची आंघोळ, शौच, दर दोन तासांनी कूस बदलणं घरच्यांवरच येतं. जागा निवडताना हेच आधी बघा.

आई हिंडती-फिरती असेल तर मी बिनदिक्कत गाव म्हणेन. बीपी-शुगरच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट, आशाताई ओळखीची, संध्याकाळी ओट्यावर चार बायका. अंथरुणाला खिळली असेल तर मात्र गणित फिरतं. कापूस वेचणीला सकाळीच सगळे शेतात जातात आणि ती बाजेवर एकटी. लघवीला उठवणारं कोणी नाही म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. मे महिन्यात पारा ४४-४५ वर असताना पत्र्याखाली हे जिवावर बेततं. माकडहाडावर, टाचांवर रोज नजर टाका. लाल झालेली कातडी बोटाने दाबूनही पांढरी पडत नसेल, तर तिथे जखम सुरू झाली आहे असं समजा.

जळगावात खोली घेतली तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, हाडांचे डॉक्टर, फिजिओथेरपी हाताशी. ऑपरेशननंतरचे पहिले दोन-तीन महिने मी हेच करेन, कारण पुन्हा उभं राहणं त्याच काळात ठरतं. भाडं आणि दिवसभराच्या बाईचा पगार मात्र खिशातून जातो, आणि आईला शेजार परका.

वृद्धाश्रम म्हणजे लाज, असं मला वाटत नाही. घरात माणूसच नसेल तर तोच बरा. फक्त तिथे दोन गोष्टी स्पष्ट विचारा: चालता येईनासं झालं तरी ठेवाल का? रात्री कोण असतं? बरेच ठिकाणी स्वतःचं स्वतः करणाऱ्यांनाच घेतात. शक्य तर न कळवता दुपारी जाऊन या, खोलीत वास येतो का बघा.

गावच निवडलंत तर ग्रामसभेत एक मागणी लावून धरा: आठवड्यातून एक दिवस आरोग्य केंद्रात फिजिओथेरपिस्ट, आणि खाटेवरच्या रुग्णांना नर्सची घरभेट. अडलं तर ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे, १४५६७.