फोटो स्कॅन करायला दिले आणि आजीचं गोंदण गेलं

घरचे जुने फोटो डिजिटल करून देणारे आता गल्लोगल्ली झालेत. त्यातल्या एकाने आम्हाला कसं गंडवलं ते सविस्तर लिहितेय, कारण ही फसवणूक चटकन दिसत नाही. पेन ड्राइव्ह हातात पडतो तेव्हा माणूस खूशच असतो.

बाबांकडे आगफा क्लिक थ्री कॅमेरा होता. १२० नंबरच्या फिल्मच्या एका रोलवर बारा चौकोनी फोटो यायचे. बाबा प्रत्येक रोलला नंबर द्यायचे आणि वहीत लिहायचे: कोण, कुठे, कधी. निगेटिव्हच्या पाकिटांवरही तेच नंबर. त्यामुळे आमच्याकडे संग्रह म्हणजे फोटो आणि वही मिळून. हे मी दुकानदाराला बजावून सांगितलं होतं, वहीची झेरॉक्सही दिली होती. कोटेशनवर त्याने लिहून दिलं: फ्लॅटबेड स्कॅनरवर (सपाट काचेवर फोटो ठेवून) १२०० डीपीआय, म्हणजे एका इंचात १२०० ठिपके, फाइलला वहीतलाच नंबर, निगेटिव्ह जशाच्या तशा परत.

बरंच टोलवल्यावर काम मिळालं. फोटो चकाचक! घरच्या ग्रुपवर टाकले, सगळ्यांनी वा वा केलं. आणि आत्याचा फोन आला, ‘‘अगं, ही आई नव्हे. हनुवटीवरचं गोंदण कुठं गेलं?’’

खरंच नव्हतं. गोंदणाचे ठिपके डाग समजून सॉफ्टवेअरने पुसले होते. नथीचे मोती गालात विरघळलेले, आणि ओठांआड आजीला जन्मात नव्हते असे एकसारखे पांढरे दात.

मग फाइली एकेक करून उघडल्या. काही फाइलींच्या तपशिलात स्कॅनरऐवजी चक्क मोबाइलचं मॉडेल होतं. काही फोटोंवर ट्यूबलाइटची पांढरी रेघ. म्हणजे फोटो अल्बममधून बाहेरसुद्धा न काढता, वरच्या प्लास्टिकसकट मोबाइलने टिपले होते आणि एआयने ताणून मोठे केले होते. सव्वादोन इंची चौकोनी फोटो १२०० डीपीआयला स्कॅन केला तर एका बाजूला २७०० पिक्सेल यायला हवेत. आमच्या फाइलीत ते बरोब्बर होते! ताणून कितीही पिक्सेल करता येतात, आणि फाइलमधला डीपीआयचा आकडा तर नुसता लिहिताही येतो. तेव्हा आकड्यांवर जाऊ नका. फोटो शंभर टक्के आकारात उघडा आणि लुगड्याचे काठ बघा, केस बघा. खऱ्या स्कॅनमध्ये कागदाचा पोत, चरे, धूळ सगळं दिसतं. सगळं लोण्यासारखं गुळगुळीत असेल तर काहीतरी गडबड आहे.

फाइलींची नावं ०००१ पासून सुरू, वहीशी काही संबंध नाही. तारखा सगळ्या यंदाच्या, त्यामुळे मोबाइलच्या गॅलरीत पणजोबा भाचीच्या वाढदिवसाच्या केकशेजारी येऊन बसलेत. निगेटिव्ह पाकिटांतून काढून एका कॅरीबॅगमध्ये कोंबलेल्या, ओरखडलेल्या, कितीतरी गायब.

जाब विचारला तर म्हणतो, ‘‘ताई, एआयने उलट फोटो सुधारलेत. लोक याचे जास्त पैसे देतात.’’ मोबाइलमधले मूळ फोटो तरी द्या म्हटलं, तर ते डिलीट केलेले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार केली, ते कोटेशन जोडलं, तेव्हा कुठे थोडे पैसे परत आले. निगेटिव्ह नाहीच.

आता दुसरीकडे काम देताना आधी एकच रोल दिला. कडा न कापता, काहीही न सुधारता टिफ फाइल (फोटोचा बारीक तपशील जपणारी) मागितली, आणि फोटोच्या मागच्या बाजूचंही स्कॅन, कारण बाबांचं अक्षर तिथे आहे. निगेटिव्हच्या पट्ट्या समोर बसून मोजल्या आणि पावतीवर आकडा लिहून सही घेतली. तो माणूस जरा वैतागला, पण केलं त्याने. सही द्यायला जो कांकू करेल त्याच्याकडून सरळ उठून या.

एक गोष्ट राहिलीच. त्या कॅरीबॅगमध्ये एक पट्टी आमची नाही. ३५ मिलिमीटरची, कृष्णधवल, कुणाच्यातरी लग्नाची. वरातीतल्या बँडच्या ढोलावर ‘मिरज’ एवढंच वाचता येतं. दुकानदार म्हणतो, त्याला आठवत नाही. तुमच्या घरातून अशी पट्टी गेली असेल तर कळवा. त्यात आणखी काय काय दिसतं ते मात्र तुम्ही सांगायचं. जुळलं तर लगेच देईन.