पॉइंट टू-टू मॅच रायफल: लाकडी स्टॉक घ्यावा की ॲल्युमिनियमचा?

एअर रायफलवरून ५० मीटरवर यायचं ठरलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न कंपनीचा असतो. आन्शुत्झ, वॉल्थर, फाइनवेर्कबाउ की स्वित्झर्लंडची ब्लायकर? मला हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा वाटतो. या चारही कंपन्यांची मॅच बॅरल, तिला मानवणाऱ्या गोळ्या मिळाल्या, तर आपल्या हातांपेक्षा नेहमीच सरस ठरते. टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलीमीटरचं आहे. बॅरलला ते अवघड नाही, अवघड आहे ते आपल्याला. म्हणून आपण आणि बॅरल यांच्यामध्ये जे असतं, त्या स्टॉकचा, म्हणजे खांद्याला आणि गालाला टेकणाऱ्या सांगाड्याचा, विचार मी आधी करतो. मी दोन्हींवर बरंच शूटिंग केलं आहे आणि माझा निर्णय झालेला आहे. तरी लाकडाची बाजू आधी मांडतो, कारण ती कच्ची नाही.

लाकडी स्टॉकला गाल टेकवला की तो आपलासा वाटतो. गोळी सुटल्यावरचा झटका लाकडात मुरतो. आवाज आणि थरथर दोन्ही दबून येतात, त्यामुळे फॉलो-थ्रू (गोळी सुटल्यावरही निशाण धरून राहणं) शांत राहतो. एप्रिल-मे महिन्यांत फायरिंग पॉइंटवर ॲल्युमिनियम जसं तापतं तसं लाकूड तापत नाही. शिवाय आपल्याकडे जुन्या शूटरांकडून हातबदल होऊन येणाऱ्या रायफली बहुतांशी लाकडीच असतात. परवाना आणि आयातीची कागदपत्रं यांत जाणारा वेळ पाहता, समोर हजर असलेली चांगली रायफल सोडून द्यावी असं मी कोणाला सांगणार नाही. आन्शुत्झच्या जुन्या १९१३ किंवा १९०७ मॉडेलची ॲक्शन (गोळी भरणारी आणि उडवणारी यंत्रणा) नीट सांभाळलेली असेल, तर ती आजही कोणत्याही स्पर्धेत चालते.

फक्त प्रोन, म्हणजे पालथं झोपून, मारणाऱ्यासाठी तर लाकूड अजूनही उत्तम. एकदा मापं बसवली की त्यांना हात लावायचं कारण नाही. तेजस्विनी सावंत २०१०मध्ये म्युनिकला जगज्जेत्या झाल्या त्या प्रोनमध्येच. पण ऑलिंपिकमधून प्रोन रिओनंतर गेलं आणि आता पुढे जाऊ पाहणाऱ्याला थ्री पोझिशनशिवाय वाट नाही. १ ऑगस्ट २०२४ला स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवल्यापासून कोल्हापूर-पुण्याकडची नवी मुलं थेट थ्री पोझिशनच विचारत येतात, आणि ते योग्यच आहे.

थ्री पोझिशनमध्ये दीड तासात साठ गोळ्या: वीस नीलिंग (गुडघ्यावर), वीस प्रोन, वीस स्टँडिंग (उभ्यानं). बटप्लेटची (खांद्याला टेकणाऱ्या पट्टीची) उंची, लांबी, चीकपीस (गालाखालचा तुकडा), हँडस्टॉप (पुढच्या हाताला अडवणारा तुकडा) यांतलं काहीतरी प्रत्येक पोझिशनला बदलतं आणि तेवढा वेळ आपल्याच दीड तासातून जातो. ॲल्युमिनियम स्टॉकवर प्रत्येक सरकत्या भागाला आकड्यांची पट्टी असते. डायरीत आकडे लिहिलेले असले की पाहायचं, सरकवायचं, आवळायचं. जुन्या लाकडी स्टॉकवर पेन्सिलच्या खुणा आणि टेपचे तुकडे लावून हेच करता येतं, आणि करणारे उत्तम करतात. मला वाटतं, निव्वळ याच्यासाठी स्टॉक बदलण्याचं कारण नाही.

माझा निर्णय झाला तो पावसाळ्यामुळे.

पावसाळ्यात घराची दारं फुगतात, तसंच स्टॉकचंही होतं. पॉलिश कितीही असो, ॲक्शन बसते त्या खाचेत आणि स्क्रूच्या भोकांत लाकूड उघडंच असतं आणि तिथून दमट हवा आत शिरते. ॲक्शनचे स्क्रू साधारण ५ न्यूटन-मीटरला आवळायचे असतात. लाकूड फुगलं की तोच स्क्रू न हलताही जास्त आवळला जातो. नोव्हेंबर-डिसेंबरात लाकूड सुकतं आणि तोच स्क्रू सैल पडतो. दोन्ही वेळा बॅरलचा आणि स्टॉकचा संबंध थोडा बदलतो आणि झीरो, म्हणजे साइट आणि गोळी यांचा जुळवलेला मेळ, सरकतो.

झीरो सरकणं हा मोठा त्रास नाही. साइटर, म्हणजे गुण न मोजल्या जाणाऱ्या सुरुवातीच्या गोळ्या, कशासाठी असतात? खरा त्रास आहे तो शंकेचा. पावसाळी दुपारी बालेवाडीला प्रोनमध्ये गोळ्या दहाच्या आत पडत असतात आणि मधेच उजवीकडे वर नऊ पॉइंट तीन येतो. वारा चुकला? ट्रिगर ओढताना खांदा हलला? गोळ्यांचा लॉट (कारखान्यातली एक खेप) बिघडला? की स्टॉक? पहिल्या तिन्हींची उत्तरं सरावातून मिळतात, त्यासाठीच तर आपण रेंजवर जातो. चौथी शक्यता नुसती यादीत असली तरी पहिल्या तिन्ही धूसर होतात. लाकडी स्टॉकवर मी टॉर्क रेंच (स्क्रू किती आवळला ते मोजणारा पाना) जवळ ठेवून शूटिंग केलं आहे. पावसाळ्यात प्रत्येक सरावाआधी स्क्रू तपासायचे, नोंद करायची. आकडे खरंच बदलायचे. पण रेंचनं स्क्रू पुन्हा त्याच आकड्यावर आणला तरी ॲक्शन पुन्हा तिथेच बसली याची खात्री तो देत नाही. वाईट गोळीनंतर मन स्वतःच्या चुकीकडे जायच्या आधी स्क्रूकडे जायला लागलं, तेव्हा मी ठरवलं की ही एक शक्यता आपण यादीतून काढून टाकायची.

यात प्रवासाची भर पडते. आपला सराव जुलै-ऑगस्टच्या ओलाव्यात होतो आणि मोठ्या स्पर्धा थंडीत, दिल्लीच्या कर्णी सिंग रेंजवर किंवा भोपाळला, कोरड्या हवेत. मधे एसी डब्यातली रात्र. मुंबई-कोकणातल्या शूटरला हा फरक आणखी जाणवतो. जर्मनीत बनणाऱ्या लाकडी स्टॉकला त्यांच्या हवेत एवढा ताण पडत नसावा. त्यामुळे युरोपातल्या शूटरांची मतं वाचताना मी हा भाग वेगळा काढून वाचतो.

ॲल्युमिनियमवर ही अडचण जवळजवळ संपते. धातूवर धातू बसतो आणि ओलाव्यानं तो फुगत नाही. त्याचे स्वतःचे जाच आहेत, ते लपवत नाही. गोळीचा धक्का जरा कोरडा, टणक लागतो, आणि लाकडाची सवय असलेल्याला सुरुवातीला ग्रुप (टार्गेटवर पडलेल्या गोळ्यांचा पुंजका) वाईट नसतानाही वाईट वाटतो. घामानं स्टीलचे छोटे स्क्रू गंजतात, म्हणून प्रत्येक सरावानंतर पुसून तेलाचं बोट फिरवावं लागतं. ॲलन कीचा संच विसरलात तर दिवस फुकट. आणि सगळंच हलवता येतं म्हणून नवीन शूटर सगळंच हलवत बसतो. प्रशिक्षकानं मापं बसवून दिली की किमान एक मोसम त्यांना हात लावू नये, असं मी कळकळीनं सांगेन.

उंचीनं लहान मुलामुलींसाठी ॲल्युमिनियमकडे आणखी एक वजन जातं. त्यांना लाकडी स्टॉक बऱ्याचदा लांब पडतो आणि मग तो कापावा लागतो. ॲल्युमिनियमची लांबी कमी करता येते आणि मूल वाढलं की वाढवताही येते. वजनाचे तुकडे पुढेमागे सरकवून तोलही जुळवता येतो. फक्त पाम रेस्टसकट (तळहाताखालच्या आधारासकट) सगळं मिळून ८ किलोच्या आत राहायला हवं.

बाकी सामानाचं थोडक्यात. पुढच्या साइटची रिंग मोठी घ्या. काळा गोल ११२.४ मिलीमीटरचा असतो आणि त्याच्याभोवती पांढरी फट स्पष्ट दिसली पाहिजे. लहान रिंग अचूक वाटते, पण डोळा थकवते. स्लिंग (हाताला अडकवायचा पट्टा) आणि नीलिंग रोल (गुडघ्यावर बसताना घोट्याखाली घ्यायची गुंडाळी) स्वतःच्या शरीराला बसतील तेच घ्या, मित्राचं मागून चालवू नका.

गोळ्यांवर मात्र हात आखडू नका. टेनेक्स, आर ५०, मिडास प्लस, कोणतीही असो, नावापेक्षा लॉट महत्त्वाचा. एकच ब्रँड, दिसायला तोच डबा, फक्त लॉट वेगळा, आणि ग्रुप दीडपट झालेला मी पाहिला आहे. युरोपात शूटर आपली बॅरल कारखान्याच्या टेस्ट रेंजवर नेऊन लॉट निवडतात. आपल्यापैकी बहुतेकांना ती सोय सहज मिळत नाही. म्हणून दोन-तीन लॉटचे थोडे थोडे डबे मिळवायचे, वारा पडलेल्या सकाळी रेस्टवरून (रायफल आधारावर ठेवून) मारून पाहायचे, आणि जो बसेल त्याच लॉटचा कोटा उचलायचा. ही चाचणी लाकडी स्टॉकवर करायची असेल तर पावसाळा टाळा, नाहीतर तुम्ही लॉट नव्हे, ओलावा मोजाल.

पैसे मर्यादित असतील तर माझा क्रम असा: वापरलेली पण उत्तम ॲक्शन आणि बॅरल, तिला बसणारा ॲल्युमिनियम स्टॉक, उरलेलं गोळ्यांना. नवीकोरी लाकडी रायफल घेऊन गोळ्यांवर काटकसर करण्यापेक्षा हे मला नक्की बरं वाटतं. आणि घरात आधीच लाकडी रायफल असेल, तीही फक्त प्रोनसाठी, तर विकायची घाई नको. जाणकार माणसाकडून तिला पिलर बेडिंग करून घ्या. स्क्रू लाकडाऐवजी धातूच्या नळीवर आवळला जातो, त्यामुळे पावसाळ्याचा निम्म्याहून अधिक त्रास तिथेच कमी होतो. हे काम मे महिन्यात, हवा कोरडी असतानाच करून घ्यावं.